घरचा सर्व्हर आणि येणारे कॉल

घरगुती ब्रॉडबँड जोडणीवरून संकेतस्थळ चालवणे म्हणजे ज्या तारेने घरात सिनेमे आणि बातम्या येतात, त्याच तारेने घरातला मजकूर बाहेरच्यांना देणे. त्यासाठी चार गोष्टी लागतात: सतत चालू राहणारा संगणक, मागणी येताच पान काढून देणारा प्रोग्राम, बाहेरून सापडेल असा पत्ता आणि त्या पत्त्याला लावलेले नाव. पहिल्या दोन आज किरकोळ झाल्या आहेत. जुना लॅपटॉप किंवा तळहाताएवढे रास्पबेरी पाय यंत्र पुरते, आणि अपाचे किंवा एन्जिनएक्ससारखे प्रोग्राम फुकट मिळतात. वाद उरतो तो पत्त्याचा, आणि त्याहून अधिक, बंद पडल्यावर उठायचे कोणी याचा.

हा वाद पुढे दोन कल्पित माणसांच्या तोंडी घातला आहे. मामा टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले तंत्रज्ञ, राहायला दादर पश्चिमेला, भाडेकरूंच्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. भाची प्रोग्रामर, त्याच घरात वाढलेली. शिवाजी पार्क परिसरातल्या जुन्या इमारतींची छायाचित्रे आणि नकाशे तिने गोळा केले आहेत. त्यांचे संकेतस्थळ तिला घरातल्या कपाटावरूनच चालवायचे आहे. महिन्याला थोडे पैसे टाकून भाड्याच्या सर्व्हरवर जागा घ्यावी, असे मामांचे मत.

भाची : मामा, वेब सुरू झालं तेच मुळी टेबलावरच्या संगणकावरून. सर्नच्या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांचं एक नेक्स्ट यंत्र होतं. कोणी चुकून बंद करू नये म्हणून त्याला लाल शाईची चिठ्ठी चिकटवलेली. तेव्हा चाललं, मग आता आपल्याकडे का नाही चालणार?

मामा : अगं, चिठ्ठी लावायची वेळ आली यातच सगळं आलं. आणि ती लाइन प्रयोगशाळेची. आपल्या लाइनी कशा होत्या ते मी डीपी बॉक्समध्ये हात घालून बघितलंय.

मामांच्या म्हणण्याला इतिहासाचा आधार आहे. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले तेव्हा ते टेलिफोनवरून मोडेमने जोडायचे होते. जोडणी चालू असेपर्यंत घरचा फोन एंगेज, आणि प्रत्येक जोडणीला नवा पत्ता. अशा लाइनवर संकेतस्थळ ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान २५६ केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हटले आणि २००५ मध्ये महानगर टेलिफोन निगमची 'ट्रायबँड' सेवा मुंबईत आली. ती टेलिफोनच्याच तांब्याच्या जोडीवरून चाले. या तंत्राच्या एडीएसएल या नावातले पहिले अक्षर 'असमान' या अर्थाचे आहे: घरात येणारा वेग मोठा, बाहेर जाणारा लहान.

भाची : म्हणजे लोकांनी फक्त बघायचं, दाखवायचं नाही, असं कंपन्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं.

मामा : सगळा दोष कंपनीला देऊ नकोस. एक्स्चेंजच्या टोकाला शेकडो जोड्या एकाच जाड केबलमध्ये असतात. तुझ्या घरून निघालेला सिग्नल तिथे पोचेपर्यंत पार थकलेला असतो, आणि शेजारच्या जोडीतून आमचा जोरदार सिग्नल बाहेर पडत असतो. त्या क्रॉस-टॉकमध्ये थकलेला सिग्नल बुडतो. म्हणून बाहेर जाणाऱ्या बाजूला लहान पट्टा दिला. हिशोब होता तो, कावा नव्हता.

दोघांचेही अर्धे खरे आहे. असमानता तांब्याच्या स्वभावातून आली. पण लोक घेतील फार आणि देतील थोडे ही कल्पना व्यापाऱ्यांनाही सोयीची होती, म्हणून तांबे गेल्यानंतरही ती बराच काळ टिकली. संकेतस्थळाच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो तो बाहेर जाणारा वेग, कारण वाचकाचे डाउनलोड म्हणजे घरचे अपलोड. ५०० केबीचे एक सचित्र पान २५६ केबीपीएसच्या अपलोडवरून जायला साधारण १६ सेकंद लागतात. दोन वाचक एकदम आले तर प्रत्येकाला अर्धा मिनिट. तेच पान ५० एमबीपीएसच्या अपलोडवरून सेकंदाला बारा वेळा देता येते.

फायबरने हे गणित उलटवले. घराघरांत प्रचलित असलेल्या जीपॉन पद्धतीत एका धाग्यावर खाली येणारा वेग सुमारे २.५ जीबीपीएस आणि वर जाणारा १.२५ जीबीपीएस असतो, आणि तो काचेच्या स्प्लिटरने ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. घरगुती प्लॅनमध्ये दोन्ही दिशांना सारखा वेग मिळणे आता नवलाचे नाही. दिवसाला हजार पाने वाचली गेली तरी वरच्या मापाने महिन्याला १५ जीबी होतात. घरातला दूरदर्शन संच याहून कितीतरी जास्त खातो.

मामा : बरं, वेगाचं मी सोडलं. पण बाहेरचा माणूस तुझ्या घरापर्यंत येणार कसा?

वादाचा खरा गाभा येथे आहे. इंटरनेटवरच्या प्रत्येक जोडणीला एक आयपी पत्ता लागतो. जुन्या, चौथ्या आवृत्तीच्या पद्धतीत असे एकूण सुमारे ४३० कोटी पत्ते होते. आशिया-प्रशांत विभागाचा त्यातला मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच जवळजवळ संपला. त्यानंतर ग्राहक जोडायचे तर एक सार्वजनिक पत्ता अनेकांत वाटणे भाग होते. घराच्या राउटरने घरातल्या दहा उपकरणांत एक पत्ता वाटावा, तसे सेवा देणाऱ्या कंपन्या एका पत्त्यामागे कित्येक घरे बसवू लागल्या. या पद्धतीचे नाव सीजीनॅट. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारे पत्ते मुद्दाम राखून ठेवण्यात आले.

मामा : म्हणजे पीसीओच की. एक रुपया टाकून तुम्ही कुठेही फोन लावा, पण तुम्हाला फोन करायचा तर नंबर कुठला सांगणार?

ही उपमा नेमकी आहे. सीजीनॅटच्या मागचे घर बाहेर हवे तेथे जाऊ शकते आणि त्याने मागितलेले उत्तर त्याला मिळतेही. बाहेरच्याने आपण होऊन दार वाजवले तर मात्र ते कोणत्या घराचे हे कंपनीच्या यंत्राला कळत नाही आणि ते येणाऱ्याला परत पाठवते. सामान्य ग्राहकाला यात काही खटकत नाही. संकेतस्थळ चालवणाऱ्याला हीच भिंत लागते. ती आहे की नाही हे कळायला वेळ लागत नाही. राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता दिसतो, आणि 'माझा आयपी काय' हे सांगणारी स्थळे जगाला दिसणारा पत्ता सांगतात. दोन्ही वेगळे असतील, आणि पहिला १००.६४ ते १००.१२७ च्या पट्ट्यातला असेल, तर आपण पीसीओत उभे आहोत.

दादरच्या बाबतीत यात एक विसंगती आहे. दादर चौपाटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, प्रभादेवीला, लोकमान्य विदेश संचार भवन आहे. फ्लॅग आणि सी-मी-वी ३ या समुद्राखालच्या केबल मुंबईत येथेच जमिनीवर आल्या. युरोप आणि पूर्व आशियाशी देशाला जोडणारी तार ज्या वस्तीत वर निघाली, त्याच वस्तीतले घर बाहेरून येणाऱ्याला सापडत नाही. अंतराचा आणि पोच असण्याचा संबंध किती कमी, हे यातून दिसते. इतकेच नाही, देशातल्या दोन कंपन्यांच्या ग्राहकांमधली देवाणघेवाणही पूर्वी परदेशी फेरा मारून येई. तो टाळण्यासाठी २००३ मध्ये निक्सी ही संस्था स्थापन झाली आणि मुंबईत तिचे अदलाबदल केंद्र उभे राहिले.

भाची : पण उपाय आहेत ना. पहिला म्हणजे स्टॅटिक आयपी. कंपनीकडे मागायचा, महिन्याचे वरचे पैसे भरायचे.

मामा : ओ.वाय.टी.चा फोन. जास्त डिपॉझिट भरा, रांगेत पुढे जा.

भाची : दुसरा बोगद्याचा. आपलं यंत्र बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला स्वतःहून फोन लावतं आणि लाइन उघडीच ठेवतं. वाचक त्या सर्व्हरकडे येतो, तो उघड्या लाइनवरून आपल्याला हाक मारतो. क्लाउडफ्लेअर ही सोय फुकट देतं. किंवा भाड्याचा लहानसा सर्व्हर घेऊन आपणच एसएसएचचा बोगदा बांधायचा.

मामा : हा तर पी.पी. नंबर! तळमजल्यावरच्या बिऱ्हाडात फोन, आणि कार्डावर आपल्या नावापुढे त्यांचा नंबर छापलेला. 'दुसऱ्या मजल्यावर बोलवा' म्हटलं की त्यांची मुलगी जिन्यातून ओरडायची. चालायचं. पण ते गावाला गेले की आपला फोनही गावाला.

शेजारी गावाला गेल्याचा अनुभव जगाने १८ नोव्हेंबर २०२५ रोजी घेतला. क्लाउडफ्लेअरच्या जाळ्यात त्या दिवशी बिघाड झाला आणि त्यामागची असंख्य स्थळे काही तास उघडेनाशी झाली. त्यांचे स्वतःचे सर्व्हर मात्र चालू होते. बोगदा वापरणाऱ्याने हे धरूनच चालावे. दुसरे असे की, वाचक आणि यंत्र यांच्यामधली देवाणघेवाण मधल्या शेजाऱ्याच्या हातून जाते, आणि बऱ्याच मांडण्यांत तो ती वाचूही शकतो. इमारतींच्या छायाचित्रांना याने काही होत नाही. दवाखान्याच्या नोंदींना होईल.

तिसरा मार्ग सहाव्या आवृत्तीच्या पत्त्यांचा. तेथे पत्त्यांचा तुटवडा नाही, घरातल्या प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. मोबाइल जाळ्यांमुळे भारत या बाबतीत जगात पुढे आहे, त्यामुळे बहुतेक फोनवाल्या वाचकांना असे स्थळ दिसेल. अडचण उलट ठिकाणी येते. अनेक कार्यालयांची जाळी अजून जुन्याच पत्त्यांवर आहेत. रात्री लोकलमध्ये फोनवर उघडलेले पान सकाळी नरिमन पॉइंटच्या ऑफिसात उघडत नाही, आणि वाचक दोष देतो तो स्थळाला.

सार्वजनिक पत्ता मिळाला तरी राउटरला सांगावे लागते की ८० आणि ४४३ या क्रमांकांच्या दारांवर आलेली मागणी घरातल्या अमुक यंत्राकडे पाठव. त्यासाठी त्या यंत्राचा घरातला पत्ता कायमचा नेमून ठेवायचा, नाहीतर वीज जाऊन आली की मागण्या दूरदर्शन संचाकडे जाऊ लागतात. नवशिक्याला येथे एक चकवा हमखास लागतो. सगळे नीट जुळवूनही घरात बसून नावाने उघडले तर स्थळ उघडत नाही, कारण अनेक राउटर आतून बाहेर जाऊन पुन्हा आत येणारी मागणी वळवत नाहीत. तपासणी नेहमी वायफाय बंद करून, मोबाइलच्या डेटावर करावी.

पत्ता बदलता असेल तर नावाचा उपयोग होतो. डोमेन नाव म्हणजे टेलिफोन डिरेक्टरीतली नोंद. नंबर बदलला की नोंद बदलायची, वाचक नावानेच येतो. घरातला एक लहान प्रोग्राम दर काही मिनिटांनी आपला पत्ता तपासतो आणि तो बदलला असेल तर डीएनएस या डिरेक्टरीतली नोंद दुरुस्त करतो. ही नोंद इतरांनी किती वेळ लक्षात ठेवावी याला टीटीएल म्हणतात. तो ३०० सेकंद ठेवला तर बदल साधारण पाच मिनिटांत पसरतो. '.इन' नावांचा कारभार निक्सीकडे आहे, आणि २७ ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत '.भारत' ही नावेही मिळतात. मराठी इमारतींच्या संग्रहाला मराठी नाव शोभेल हे खरे. मात्र ते रोमन कळफलकावर टाइप करायला परदेशातल्या नातेवाइकांना त्रास होतो, म्हणून दोन्ही घेऊन एकाच जागी वळवणे बरे.

मामा : आणि कुलूप? बँकेच्या साइटला असतं ते?

भाची : ते आता फुकट आहे. लेट्स एन्क्रिप्ट २०१५ च्या शेवटी सुरू झालं. नव्वद दिवसांचं प्रमाणपत्र देतात, प्रोग्राम स्वतःच नवं करून घेतो.

मामा : प्रोग्राम करतो, तोवर करतो. एकदा बंद पडला की नव्वदाव्या दिवशी लाल पाटी.

हा धोका काल्पनिक नाही. प्रमाणपत्र मुदतीत नवे न झाल्यामुळे मोठ्या संस्थांची स्थळेही लाल पाटी दाखवतात. तेव्हा नूतनीकरणाची नोंद आठवड्यातून एकदा डोळ्यांखालून घालणे हाच उपाय.

येथून पुढे वाद घराच्या भिंतींकडे वळतो, आणि तेथे मामांचे पारडे जड होते.

मामा : या इमारतीला अर्थिंग आहे का, ते बघ आधी. तीन भोकांचं सॉकेट बसवलंय, पण तिसऱ्या भोकाच्या मागे वायरच नाही. वायरमनला बोलाव आणि मीटरपासून तपासून घे.

जुन्या इमारतींबाबत ही सूचना सगळ्या सॉफ्टवेअरच्या आधीची आहे. अर्थिंग नसेल तर यंत्राच्या धातूच्या खोक्याला हात लावताच झिणझिण्या येतात, आणि विजेचे झटके शोषून घेण्याची जी सोय महागड्या पट्ट्यांत असते ती बरीचशी निरुपयोगी ठरते. समुद्राजवळच्या घरात खारा, दमट वारा हा आणखी एक शत्रू. तो जोडण्यांवर हिरवट थर चढवतो. यंत्र खिडकीत ठेवू नये आणि बंद कपाटातही नाही. उघड्या फळीवर, पंख्याच्या वाऱ्यात ठेवावे.

विजेचा खर्च यंत्रावर अवलंबून आहे. पाच वॅटचे रास्पबेरी पाय महिनाभर अखंड चालले तर ३.६ युनिट खाते. वीस वॅटचा जुना लॅपटॉप सुमारे १४ युनिट. शंभर वॅटचा जुना डेस्कटॉप मात्र ७२ युनिट ओढतो. दादरला वीज 'बेस्ट'ची. तिच्या घरगुती दरात १०० युनिटनंतर पुढचा टप्पा लागतो, आणि त्यापुढच्या युनिटांना चढा दर. ज्या घराचे बिल शंभराच्या आतबाहेर असते तेथे हा फुकट मिळालेला डेस्कटॉपच सगळ्यांत महाग पडतो. लॅमिंग्टन रोडवर जुनी यंत्रे स्वस्त मिळतात, तेथे किमतीआधी वॅट विचारावेत. पायच्या बाबतीत आणखी एक: त्याचे मेमरी कार्ड सततच्या लिहिण्याने झिजते. नोंदी आणि मजकूर लहान एसएसडीवर ठेवला तर ही कटकट टळते.

भाची : वीज आपल्याकडे जातेच कुठे?

मामा : बारा ऑक्टोबर विसरलीस?

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईच्या बहुतांश भागातली वीज गेली होती, लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या. असे प्रसंग मुंबईत विरळा, हेही तितकेच खरे, आणि देशातल्या बहुतेक गावांतल्या वाचकाला या संवादाचा हेवा वाटेल. लहान यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर ८४ वॅट-तास देते. पाय, राउटर आणि फायबरचा डबा मिळून वीस वॅट धरले, तर घट वजा जाता अडीच-तीन तास निघतात. पण घरची बॅटरी अर्धेच काम करते. जीपॉनच्या वाटेतल्या स्प्लिटरला वीज लागत नाही, म्हणून ती लाइन तगून राहते. काही ठिकाणी मात्र स्थानिक केबलवाल्याने गच्चीवरच्या डब्यात स्विच ठेवलेला असतो आणि तो इमारतीच्या जिन्याच्या मीटरवर चालतो. जिन्याची वीज गेली की घरातले दिवे चालू असूनही स्थळ बंद.

पावसाळ्याचा प्रश्न याच गच्चीशी जोडलेला आहे. फायबर अनेकदा एका इमारतीच्या गच्चीवरून दुसरीच्या गच्चीवर, झाडांच्या फांद्यांतून ओढलेली असते. तांब्याची तार भिजली तर खरखरत का होईना चालत असे. काचेचा धागा पिळवटला किंवा तुटला की सरळ अंधार, आणि तो जोडायला वेल्डिंगचे खास यंत्र घेऊन माणूस यावा लागतो.

मामा : आमच्या वेळी १९८ ला फोन करून फॉल्ट लिहायचा, डॉकेट नंबर मिळायचा. आता ॲपमध्ये तक्रार. लाइनमन मात्र पाऊस थांबल्यावरच येतो, तेव्हाही आणि आताही.

उपलब्धतेचे आकडे या संदर्भात बघावेत. भाड्याच्या सर्व्हरवाले ९९.९ टक्क्यांचा वायदा करतात, म्हणजे वर्षात पावणेनऊ तास बंद. घरच्या लाइनला ९९ टक्के साधले तरी उत्तम, आणि त्याचा अर्थ वर्षात साडेतीन दिवसांहून जास्त. जुन्या इमारतींच्या संग्रहाला साडेतीन दिवस काहीच नाहीत. दादरच्या फूल बाजारातून ऑर्डर घेणाऱ्या दुकानाला दसऱ्याच्या आदल्या दिवसाचे तीन तासही फार.

सुरक्षेबाबत भाची मोकळेपणाने बोलते, कारण हे तिचे रोजचे काम आहे.

भाची : सार्वजनिक पत्त्यावर यंत्र उघडलं की थोड्याच वेळात दारं ठोठावायला सुरुवात होते. माणसं नसतात, प्रोग्राम असतात. 'ॲडमिन'चा पासवर्ड 'ॲडमिन' आहे का, हेच जगभर विचारत फिरतात.

मामा : मग घरातले बाकीचे कॅमेरे, तुझ्या मामीचा फोन?

भाची : म्हणून सर्व्हर वेगळ्या जाळ्यावर. राउटरमध्ये पाहुण्यांचं वायफाय असतं ना, तसा त्याचा पाट वेगळा काढायचा. त्याने बाहेर बोलावं, घरातल्यांशी नाही. बाहेरून फक्त दोनच दारं उघडी. आत शिरायला पासवर्ड नाही, किल्लीची फाइल.

मामांची शंका रास्त आहे. २०१६ मधल्या मिराई या प्रोग्रामने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले घरगुती कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि त्यांची फौज करून ऑक्टोबरमध्ये मोठमोठी स्थळे बंद पाडली. २०२२ मध्ये डेडबोल्ट या दुसऱ्या प्रोग्रामने क्यूनॅप कंपनीच्या, इंटरनेटला उघड्या ठेवलेल्या साठवण-यंत्रांतल्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. दोन्हींत नुकसान झाले ते विसरलेल्या यंत्रांचे. घरचा सर्व्हर हौसेने उभा राहतो आणि हौस सहा महिन्यांत ओसरते. अद्ययावत न केलेला वर्डप्रेस त्यानंतरही चालूच राहतो. म्हणून घरच्या स्थळासाठी आधीच तयार करून ठेवलेली साधी एचटीएमएल पाने उत्तम. ज्यात चालणारे काही नाही, त्यात घुसण्यासारखेही थोडेच असते.

दोन गोष्टी घरी ठेवू नयेत, यावर मात्र दोघांचे एकमत होते. पहिली ईमेल. घरगुती पत्त्यांवरून थेट आलेली पत्रे न घेण्याचा बहुतेक मोठ्या सेवांचा रिवाज आहे. स्पॅमहाउससारख्या संस्था असे पत्ते यादीतच घालतात, आणि पत्रे धाडायचे २५ क्रमांकाचे दार कित्येक कंपन्या बंद ठेवतात. दुसरी गोष्ट म्हणजे परक्यांनी लिहायची सोय. दुसऱ्याचा मजकूर प्रसिद्ध करणाऱ्यावर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० आणि त्याखालच्या नियमांनी जबाबदाऱ्या येतात. जोडणी मामांच्या नावावर, म्हणजे विचारणा त्यांच्या दारी. त्यातच अनेक घरगुती प्लॅनच्या अटींत व्यावसायिक वापराला किंवा सर्व्हर चालवण्याला मनाई लिहिलेली असते. हौशी संग्रहाकडे सहसा कोणी बघत नाही, पण अट वाचून घ्यावी.

मामा : एवढं सगळं करण्यापेक्षा भाड्याची जागा काय वाईट? आता तर ती मुंबईतच मिळते. ॲमेझॉनने २०१६ लाच इथे मुंबई विभाग उघडला. ऐरोली-महापेला डेटा सेंटरच्या इमारती उभ्या आहेत, दुहेरी वीज, जनरेटर, अग्निशमन सगळं.

भाची : डेटा सेंटर तर ओव्हीएच कंपनीचीही होती. १० मार्च २०२१ ला स्ट्रासबुर्गमध्ये त्यांची एक अख्खी इमारत जळली. ज्यांनी दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती त्यांचं सगळं गेलं. आणि जिओसिटीज? तिथे आग लागली नव्हती. याहूने ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केलं, इतकंच. लाखो लोकांची हाताने बनवलेली पानं होती. भाडेकरूला पागडीत निदान कायदा तरी विचारतो, इथे घरमालक 'उद्यापासून बंद' म्हणू शकतो.

मामा : आणि घरची डिस्क उडाली तर?

भाची : तर माझी चूक. पण ती मला दिसते तरी.

येथे भाचीचा युक्तिवाद भावनेकडे झुकतो, तरी त्यात तथ्य आहे. भाड्याच्या जागेत मजकूर असणे आणि मजकूर आपल्याकडे असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पण घरी सर्व्हर ठेवल्याने दुसरी आपोआप साधत नाही. ती साधते प्रतींनी. मूळ छायाचित्रे एका डिस्कवर, तयार पाने सर्व्हरवर आणि तिसरी प्रत घराबाहेर, एवढे असले तर पाने देणारे यंत्र कपाटावर आहे की ऐरोलीत, हा प्रश्न बराच गौण होतो. नाव मात्र स्वतःच्या खात्यात हवे. फुकटच्या उपनावावर बांधलेला संग्रह त्या उपनावाच्या मालकाचा असतो.

अशा मांडणीत घर आणि भाडे एकत्रही नांदतात. एरवी पाने घरून जातात. लाइन तुटली की डीएनएसची नोंद भाड्याच्या लहान जागेत ठेवलेल्या प्रतीकडे वळते. साध्या एचटीएमएल पानांना अशी जागा फुकट किंवा नगण्य खर्चात मिळते. मामांना हे पटते, कारण एक्स्चेंजमध्येही मुख्य केबलच्या बरोबरीने राखीव जोड्या ठेवल्या जात.

राहता राहिला दादरमधल्या बहुतेक जुन्या घरांपुढचा प्रश्न: पुनर्विकास. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारती एकामागून एक रिकाम्या होत आहेत आणि बिऱ्हाडे काही वर्षांसाठी भाड्याच्या घरात जातात. तेव्हा घरच्या सर्व्हरचेही बिऱ्हाड हलते. नवी कंपनी, नवा राउटर, कदाचित पुन्हा सीजीनॅट.

मामा : फोन शिफ्टिंगचा अर्ज केला की महिनोन् महिने लागायचे, आणि एक्स्चेंज बदललं की नंबरही बदलायचा. पत्रिका छापून सगळ्यांना कळवायचं.

भाची : इथे नाव तेच राहतं.

मामा : राहील, पण टीटीएल आठवडाभर आधी कमी करून ठेव. आणि जुन्या घरातलं यंत्र लगेच काढू नकोस. नव्या जागी मोबाइलच्या डेटावर उघडून बघ, दोन दिवस दोन्ही चालू दे, मग इथला प्लग काढ.